लशीचा राखणदार : बालकांचें लसीकरण व औषधनिर्माता

गांवांत लसीकरणाचा दिवस असला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें नर्सबाई उभ्या राहतात. त्यांच्या हातांतील सुई दिसते, बाळाचें रडणें ऐकूं येतें, आणि कार्डावर खूण झाली कीं आई घरीं परतते. एवढ्यावरून आपण समजतों कीं लसीकरण झालें. परंतु त्या सुईंत जें औषध होतें तें कोठून आलें, वाटेंत तें कोणीं सांभाळिलें, आणि बाळाच्या अंगांत गेलें तेव्हां त्यांत गुण राहिला होता कीं नव्हता, हा विचार आपल्यापैकीं फार थोड्यांच्या मनांत येतो. या पाठांत आम्ही त्याच गोष्टीचा विचार करणार आहों. ज्याचें नांव कार्डावर लिहिलेलें नसतें, परंतु ज्याच्या दक्षतेवांचून कार्डावरील सर्व खुणा व्यर्थ होतात, अशा मनुष्याविषयीं हा पाठ आहे. तो मनुष्य म्हणजे औषधनिर्माता. मग तो पुरुष असो वा स्त्री. खेड्यांतील लोक त्यास अजूनही कंपाउंडर म्हणतात. सरकारी दप्तरांत त्यास औषधनिर्माण अधिकारी असें नांव आहे. पुष्कळ प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधांबरोबरच लशींची शीतपेटी सांभाळण्याचें काम त्याच्याकडे असतें.

१. लस नासते कशी

लस ही रोगाची ओळख शरीरास आधींच करून देणारी वस्तु होय. चोर येण्यापूर्वीं राखणदारास त्याचा चेहरा दाखवून ठेवावा, तसें हें आहे. कांहीं लशींत रोगजंतु जिवंत, परंतु दुबळे केलेले असतात. गोवर-रुबेलाची लस, क्षयाविरुद्ध बी. सी. जी. ची लस व तोंडानें द्यावयाचे पोलिओचे थेंब हीं या प्रकारचीं उदाहरणें होत. दुसऱ्या कांहीं लशींत मारलेले जंतु किंवा जंतूंचा केवळ एखादा अंश असतो. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ व हिब नांवाच्या जंतूचा रोग या पांचांविरुद्ध जी एकच सुई देतात, ती या दुसऱ्या प्रकारची आहे.

पहिल्या प्रकारास उष्णतेचें भय मोठें आहे. पोलिओचे थेंब तर सर्वांत नाजूक. ते उन्हांत राहिले तर त्यांतील गुण लवकर जातो. दुसऱ्या प्रकारास उष्णतेचें भय आहेच, परंतु त्याहून मोठें भय गोठण्याचें आहे. पांच रोगांवरच्या त्या लशींत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अति सूक्ष्म कण असतात, आणि औषधाचा अंश त्यांस चिकटून राहतो. लस गोठली म्हणजे ते कण एकमेकांस घट्ट चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. मग बर्फ वितळला तरी लस पूर्ववत् होत नाहीं. म्हणून केंद्रांतील शीतपेटींत लस २ अंशांहून अधिक थंड नाहीं व ८ अंशांहून अधिक उष्ण नाहीं, अशा बेतानें ठेवावी लागते. कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत ही थंडी कोठेंही तुटूं नये, म्हणून या व्यवस्थेस शीतसाखळी म्हणतात. साखळींतील एक कडी तुटली कीं सर्व साखळी निरुपयोगी झाली.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेविली पाहिजे. भाकरी करपली तर वास येतो, दूध नासलें तर डोळ्यांस दिसतें. परंतु नासलेली लस पाहून आईस कांहींच कळत नाहीं. बाळास सुई टोचल्याचें दुःख होतें, कार्डावर खूण होते, आणि आई निश्चिंत होते; रक्षण मात्र अंगांत आलेलें नसतें. हें कळून येतें तें कधीं? जेव्हां घटसर्प किंवा डांग्या खोकला दारांत येतो तेव्हां. म्हणून लस सांभाळणारा मनुष्य प्रामाणिक व दक्ष असणें यावर बालकाचा जीव अवलंबून आहे.

२. जुन्या काळची अडचण

लस सांभाळण्याची ही अडचण नवी नाहीं. इंग्लंडांत एडवर्ड जेन्नर यानें १७९६ सालीं गाईच्या देवीपासून घेतलेली लस एका मुलास टोचून देवीच्या रोगावर उपाय दाखविला. परंतु ती लस आपल्या देशांत पोहोंचण्यास सहा वर्षें लागलीं. उष्ण हवेंत, लांबच्या प्रवासांत तिचा गुण नाहींसा होई. शेवटीं ती एका मनुष्याच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी टोचीत टोचीत बगदाद व बसरा या मार्गानें आणिली, आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती यशस्वी रीतीनें टोचण्यांत आली. तेथून ती पुणें, सुरत वगैरे ठिकाणीं गेली. त्या काळीं शीतपेटी नव्हती; माणसाचा दंड हीच लशीची पेटी होती.

पुढें लस वाळवून ठेवण्याची उत्तम युक्ति सांपडली, तेव्हां कोठें उष्ण देशांत दूरदूरच्या खेड्यांपर्यंत ती चांगल्या स्थितींत नेतां येऊं लागली. भारतांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला, आणि ८ मे १९८० रोजीं सर्व जग देवीच्या रोगापासून मुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य परिषदेनें जाहीर केलें. यावरून दिसून येईल कीं, लस शोधून काढणें हें अर्धें काम आहे. ती बिघडूं न देतां नेणें हें उरलेलें अर्धें.

पोलिओच्या बाबतींतही असेंच झालें. भारतांतील पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या थेंबांच्या कुपीवर १९९६ सालापासून एक लहानशी खूण येऊं लागली होती, तिनें या कामीं मोठी मदत केली. त्या खुणेविषयीं पुढें सांगूं.

३. शीतपेटीपाशीं नित्याचें काम

औषधनिर्मात्याचा दिवस शीतपेटीच्या उष्णतामापकापासून सुरू होतो. सकाळीं एकदां व संध्याकाळीं एकदां उष्णतामान पाहून तें वहींत लिहावें, असा नियम आहे. रविवार असो कीं सण असो, यांत खंड पडूं नये. कारण लस सुटी घेत नाहीं. हल्लीं उष्णतामान आपोआप मोजून दूर कळविणारीं यंत्रेंही आलीं आहेत. परंतु यंत्रानें हांक मारली तरी धांवून जाणारा मनुष्य लागतोच.

वीज गेली तर पेटीचें झांकण विनाकारण उघडूं नये, हा दुसरा नियम. बर्फाच्या अस्तराची पेटी बंद राहिली तर वीज गेल्यावरही कित्येक तास थंड राहते. जिला गोठण्याचें भय आहे ती लस पेटीच्या तळाशीं ठेवूं नये, वर टोपलींत ठेवावी. कारण तळाशीं थंडी अधिक असते. जिची मुदत आधीं संपणार ती लस आधीं बाहेर काढावी. त्या पेटींत दुसरें कोणतेंही औषध, पाण्याची बाटली अथवा जेवणाचा डबा ठेवूं नये.

लस उपकेंद्रावर पाठवावयाची झाली म्हणजे बर्फाच्या पट्ट्या शीतकांतून काढून लगेच डब्यांत भरावयाच्या नसतात. त्या बाहेर ठेवून त्यांस घाम सुटूं द्यावा, व हालवून पाहतां आंत पाण्याचा आवाज आला म्हणजे मग भराव्या. नाहीं तर त्यांस लागून असलेली लस गोठेल.

कुपीवरील खूण अशी आहे: एक रंगीत वर्तुळ व त्याच्या आंत एक फिका चौकोन. लस जसजशी उष्णता सोसते तसतसा आंतील चौकोन काळवंडत जातो. चौकोन वर्तुळाहून फिका आहे तोंवर ती लस चालेल. तो वर्तुळाइतकाच किंवा त्याहून काळा झाला कीं ती टाकून द्यावी. मात्र ही खूण केवळ उष्णतेची साक्ष देते, गोठण्याची देत नाहीं. गोठलेल्या कुपीवरही चौकोन फिकाच राहील. तेथें यंत्राची साक्ष संपते व मनुष्याची सुरू होते.

४. एका सकाळची हकीकत

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका केंद्रावर लसीकरणाच्या दिवशीं गेलों होतों. डोंगरापलीकडच्या वाड्यांतून वीस-पंचवीस आया लेंकरें कडेवर घेऊन आल्या होत्या. कोणी रोजगार बुडविला होता, कोणी भल्या पहांटे निघाली होती. औषधनिर्मात्यानें पेटी उघडली आणि तो थबकला. आदल्या दिवशीं तो रजेवर होता. बदली मनुष्यानें कुप्या टोपलींत न ठेवितां तळाशीं ठेविल्या होत्या, आणि थंडीचें बटण कोणीं तरी अधिक फिरविलें होतें. उष्णतामापकाचा कांटा शून्याच्या खालीं होता, आणि पांच रोगांवरच्या लशीच्या कुप्या गोठून गेल्या होत्या.

तो बाहेर आला व म्हणाला, "आज ही सुई देतां येणार नाहीं. लस गोठली आहे." पोलिओच्या थेंबांस गोठण्यानें अपाय होत नाहीं, म्हणून ज्यांस ते द्यावयाचे होते त्यांस ते दिले. बाकीच्यांत कुरकुर सुरू झाली. एक म्हातारी पुढें येऊन म्हणाली, "अहो साहेब, नातवाला घेऊन कोसभर चालत आलें मी. बर्फ वितळला कीं झालें! जरा उन्हांत धरा नि टोचा."

तो म्हणाला, "आजी, नासलेलें दूध ढवळून पुन्हां दूध होतें का?"

"तें कसें होईल?"

"तसेंच हें आहे. मी टोचून घेतलें असतें तर तुम्हांला कळलें नसतें, आणि माझी वहीही भरली असती. पण पोराला खोकला लागला तर मी तुम्हांला काय तोंड दाखवूं?"

म्हातारी गप्प झाली, परंतु तिचा राग गेला नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आमचेंही मन त्या आयांच्या बाजूस होतें. इतक्या लांबून आलेल्यांस परत लावणें आम्हांस कठोर वाटलें, व आम्हीं तसें त्यास बोलूनही दाखविलें. त्यानें वाद घातला नाहीं. त्यानें कुप्या निराळ्या काढून त्यांवर खूण केली, वहींत झालें तें जसेंच्या तसें लिहिलें, वैद्यकीय अधिकाऱ्यांस कळविलें, आणि तालुक्याहून नवी लस मागविली. दुसऱ्या दिवशीं लस आली. परंतु आयांपैकीं निम्म्याच आल्या. तेव्हां तिसऱ्या दिवशीं नर्सबाई व आशाताई यांच्याबरोबर लशीचा डबा घेऊन तो स्वतः त्या वाड्यांवर गेला. म्हातारीच्या नातवास सुई मिळाली ती तिच्याच ओट्यावर.

कुप्या वायां गेल्या त्याचा जाब त्यास द्यावा लागला. चूक त्याची नव्हती, तरी ती झांकण्याचा मोह पडावा असाच तो प्रसंग होता. गोठलेली लस टोचली असती तर कोणासही कळलें नसतें. ज्यास कोणी पाहत नाहीं त्यानें खरें वागावें, यांतच या कामाची कसोटी आहे. आम्हीं त्यास कठोर म्हटलें होतें. परंतु त्या दिवशीं त्या अंगणांत बालकांवर खरी दया करणारा तोच होता, हें आम्हांस मागाहून कळलें.

५. लशींत मिसळावयाचें पाणी

बी. सी. जी. व गोवर-रुबेला या लशी कोरड्या भुकटीच्या रूपानें येतात. त्या टोचण्यापूर्वीं पातळ कराव्या लागतात, व त्याकरितां प्रत्येक लशीबरोबर तिचेंच पाणी येतें. एका लशीचें पाणी दुसरीस चालत नाहीं. पाणी मिसळल्यावर ती लस ४ तासांच्या आंत वापरावी. उरली तर टाकून द्यावी. जी जिवंत लस आहे तिच्यांत तशी जिवंत घाणही वाढूं शकते. म्हणून दुपारनंतर आलेल्या आईस नर्सबाई "आतां उघडलेली कुपी चालणार नाहीं" असें म्हणाल्या, तर तो आळस समजूं नये.

या बाबतींत निष्काळजीपणा किती भयंकर ठरतो याचें एक दुःखदायक उदाहरण आहे. २०१४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत सीरिया देशाच्या इदलिब प्रांतांत गोवराच्या लशींत तिच्या पाण्याऐवजीं, शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायू सैल करण्याकरितां देतात तें औषध चुकून मिसळलें गेलें, आणि १५ बालकें मरण पावलीं. लशींत कांहींही दोष नव्हता. दोन निराळीं औषधें एकमेकांजवळ आलीं, कुपीवरील नांव वाचलें गेलें नाहीं, आणि एवढा अनर्थ झाला. लशीच्या पेटींत दुसरें औषध ठेवूं नये, हा नियम साधा दिसतो. परंतु त्यापाठीमागें लेंकरांचे प्राण आहेत.

६. परदेशांतील रीत

अमेरिकेंत औषधनिर्माता लस सांभाळतो इतकेंच नव्हे, तर ती टोचतोही. तेथें १९९४ सालीं वॉशिंग्टन राज्यांत औषधनिर्मात्यांस लस टोचण्याचें रीतसर शिक्षण देण्यास आरंभ झाला, आणि २००९ सालापर्यंत सर्व ५० राज्यांनीं त्यांस कमीअधिक प्रमाणांत ही परवानगी दिली. पुढें कोरोनाच्या सांथींत लोक दवाखान्यांत जाईनासे झाले व मुलांचें लसीकरण मागें पडलें. तेव्हां ऑगस्ट २०२० मध्यें ३ ते १८ वर्षांच्या मुलांस लस टोचण्याची मोकळीक त्या देशाच्या सरकारनें औषधनिर्मात्यांस दिली. त्याबरोबर अटीही घातल्या. त्यानें टोचण्याचें शिक्षण घेतलेलें असावें, अचानक श्वास बंद पडल्यास करावयाचे उपचार त्यास यावे, आणि मुलाच्या आईबापांस बालवैद्याकडे नियमित तपासणीस जाण्याविषयीं त्यानें सांगावें. तीन वर्षांखालील तान्ह्या बालकांचें काम मात्र या परवानगींत आलें नाहीं.

आपल्याकडे बालकास सुई देण्याचें काम नर्सबाई व डॉक्टर करितात, आणि औषधनिर्माता त्यांच्या पाठीशीं असतो. रीत निराळी असली तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. डॉक्टरांपाशीं बोलावयास भिणारी आई औषधाच्या खिडकीपाशीं मनांतलें बोलते. "सुईनें ताप येतो म्हणतात, तें खरें का?" असें ती तेथें विचारते. तेथें तिला धीराचें व खरें उत्तर मिळालें तर ती पुढच्या सुईस येते. उडवाउडवीचें मिळालें तर येत नाहीं.

७. आपण काय करावें

ज्यांच्या शब्दास गांवांत मान आहे, जे इतरांस शिकवितात, त्यांनीं पुढील गोष्टी आधीं स्वतः नीट समजून घ्याव्या व मग घरोघर सांगाव्या.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. जन्मतांच बी. सी. जी., पोलिओचे थेंब व काविळीची लस. पुढें ६, १० व १४ आठवड्यांस पांच रोगांवरची सुई व तिच्याबरोबरच्या इतर लशी. ९ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस व बूस्टर. ५ ते ६ वर्षांस आणखी एक बूस्टर. आणि १० व १६ वर्षांस धनुर्वात-घटसर्पाची सुई. सरकारी केंद्रांत हें सर्व विनामूल्य मिळतें.

दुसरी गोष्ट, तारीख चुकली तर लाजून घरीं बसूं नये. बहुधा पहिल्यापासून पुन्हां आरंभ करावा लागत नाहीं. राहिलेला डोस पुढें देतां येतो. कार्ड जपून ठेवावें, व हरवलें तरी बाळास घेऊन जावें.

तिसरी गोष्ट, साधी सर्दी किंवा किरकोळ खोकला असला म्हणून सुई टाळूं नये. नर्सबाईंस सांगावें व त्यांस ठरवूं द्यावें. सुई झाल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबावें. एखादा दिवस ताप येणें किंवा जागा दुखणें यांत भिण्याचें कारण नाहीं. तापाचें औषध बाळाच्या वजनाप्रमाणें किती द्यावें, तें औषधनिर्मात्यास विचारूनच द्यावें. शेजारणीच्या चमच्यानें मोजूं नये. ताप फार चढला, बाळ मलूल पडलें किंवा त्यास आंचके आले, तर तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

चौथी गोष्ट, खासगी डॉक्टरांनीं चिठ्ठी दिली म्हणून दुकानांतून लस विकत आणून घरांत ठेवूं नये. डॉक्टरांकडे जातेवेळींच ती घ्यावी व दुकानदाराकडून थंड डब्यांत बांधून घ्यावी. जो दुकानदार ती साध्या पिशवींत घालून देतो, त्याच्याकडून ती घेऊं नये.

पांचवी व शेवटची गोष्ट, विचारण्यास संकोच करूं नये. "कुपीवरील चौकोन फिका आहे का, मला दाखवा," असें एखाद्या आईनें म्हटलें तर चांगला औषधनिर्माता रागावणार नाहीं, उलट त्यास आनंद होईल. आणि "आज लस देतां येत नाहीं, उद्यां या" असें तो म्हणाला, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वीं कारण विचारावें. कारण खरें असेल तर चार लोकांत त्याची बाजू घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें. ज्या आया आल्या नाहींत त्यांस बरोबर न्यावें. त्या सकाळीं आम्हीं हें केलें नाहीं; वाचकांनीं तरी तें करावें.

पाठावरील प्रश्न

१. कोणत्या लशीस गोठण्याचें भय अधिक आहे, व कां?
२. कुपीवरील चौकोन व वर्तुळ यांवरून काय कळतें? त्यांवरून काय कळत नाहीं?
३. पाणी मिसळलेली गोवर-रुबेलाची लस किती वेळ चालते?
४. औषधनिर्मात्यानें आयांस परत पाठविलें हें योग्य कीं अयोग्य? आपलें मत कारणांसह सांगा.
५. आपल्या वाडींत कोणत्या बालकाची सुई राहिली आहे? त्याच्या घरीं या आठवड्यांत कोण जाईल?